चतुराच्या पंखातला एक खण

संग्रहालयात चित्रं काढायला लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते. एका पुस्तकासाठी चतुरांचे पंख काढायचे होते. पंखावर शिरांची जाळी असते. त्या जाळीतल्या इवल्याशा मोकळ्या जागेला ॲरिओल म्हणतात, हे तिथल्या कीटक विभागाच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. ती मात्र त्या जागांना सरळ खण म्हणायची.

एका डबीत सहा चतुर होते, सगळ्यांवर एकाच जातीची चिठ्ठी. तिने त्यांतल्या एकाचं चित्र साहेबांपुढे ठेवलं. त्यांनी पंखाच्या टोकाजवळच्या ओळीवर पेन्सिल टेकवली. इथे पाच खण असतात, तू चारच काढलेस, म्हणाले. डोळे थकले असतील, उद्या पुन्हा काढ.

दुसऱ्या दिवशीही चारच भरले. साहेबांनी चित्राकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

घरी तिने वडिलांना सांगितलं. त्यांचा जन्म रफू करण्यात गेलेला. वीस वर्षं या विषयात मुरलेल्या माणसाशी नवख्या बाईने कशी हुज्जत घालायची, असं तिने विचारलं.

"तोंडाने घालूच नकोस," वडील म्हणाले. "आधी सगळे मोज. मग चूक तुझी निघाली तर गप्प बस, आणि नाही निघाली तर अजिबात हटू नकोस."

तिने तीन दिवस भिंगातून मान वर केली नाही. सहा चतुर, प्रत्येकाचे चार पंख. कुणी हाक मारली की आकडा चुकायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चार चतुरांना त्या ओळीत पाच खण निघाले. दोघांना चारच, दोन्ही बाजूंना.

आकड्यांचा कागद पाहून साहेब वैतागले. एवढ्यातेवढ्यावरून जात ठरत नसते, म्हणाले. तिने ते दोन चतुर त्यांच्या भिंगाखाली सरकवले आणि खुर्चीशेजारी उभी राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

साहेबांनी पंख पाहिले, मग शेपटीची टोकं.

"शेपटीही वेगळीच आहे, हे दोन दुसऱ्याच जातीचे," ते म्हणाले. "चिठ्ठी माझ्याच हातची. छपाई थांबवायला सांगतो."

या खोलीत अजून किती डब्या आहेत, असं तिने विचारलं. चाळीसेक असतील, साहेब म्हणाले. तिने दोन्ही चतुरांना नवी डबी दिली, हात धुतले आणि फळीवरची पहिली डबी उतरवून घेतली.