दातात धरलेली दांडी

भिंतीपलीकडे गाडी सुरू झाली की शिलाई मशीनवरचा काकूंचा पाय आपोआप थांबायचा. ही सवय लग्नानंतरच्या पहिल्या दिवसांतली. शिवणाची खोली आणि गॅरेज यांच्यामध्ये एकच भिंत होती, आणि त्या भिंतीला कधी गुपित ठेवता आलं नाही.

पलीकडे उभी असायची ती जुनी डिझेल गाडी. चारही चाकांनी जोर लावून दगडगोट्यांतून, चिखलातून, सरळसोट चढावरून जाणारी. मुलांनी लहानपणी तिला हत्तीण म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. काकूंच्या यजमानांनी त्या गाडीतून डोंगरातल्या खाणींवर माणसं पोचवली, सामान पोचवलं, पण लोक त्यांना ओळखायचे ते कानमास्तर म्हणून. कुणाचंही इंजिन कुरकुरू लागलं की मास्तर हाताने घासून गुळगुळीत झालेली एक लाकडी दांडी त्यावर टेकवायचे, दुसरं टोक कानाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. मग सांगायचे, "पट्टा सैल झालाय," नाहीतर, "हिला काही झालेलं नाही, तुझाच पाय जड आहे."

थोरल्याच्या वेळी काकूंना दवाखान्यात नेलं तेही हत्तीणीतूनच. "मी कळांनी विव्हळत होते आणि हे म्हणतात, थांब जरा, पंख्यातून काहीतरी आवाज येतोय!" ही गोष्ट काकू आल्यागेल्याला सांगायच्या आणि मास्तर दर वेळी म्हणायचे, "येत होताच आवाज."

आता मात्र हत्तीणच दुखणाईत होती. सुरू केली की खालून धप् धप् करायची. मास्तरांनी दांडी लावली आणि निकाल दिला, "मोठं बेअरिंग गेलं. इंजिन उघडावं लागेल."

इंजिन उघडायचं तर सुटे भाग कुठून आणायचे? तसले भाग करणारा कारखानाच बंद पडला होता. थोरला सरळ बोलला, "बाबा, मी नाही म्हणत, तुम्हीच म्हणताय बेअरिंग गेलं. मग दारात ठेवून तिची पूजा करायची का? उद्या दुपारी भंगारवाला येईल, देऊन टाकू."

"ने म्हणावं," मास्तर म्हणाले होते. पण पानावर बसले तेव्हा घास चिवडत राहिले. काकूंना कळलं होतं, की नुसती गाडी जाणार नाही. गॅरेज रिकामं झालं की हा माणूस सकाळी उठून जाणार कुठे?

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडे इंजिन सुरू झालं, शेवटचं म्हणूनच असेल. काकू चहा घेऊन गॅरेजच्या दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. मास्तर बॉनेटमध्ये वाकले होते. दांडीचं एक टोक इंजिनावर होतं. दुसरं कानाशी नव्हतं, ते त्यांनी दातात धरलं होतं.

काकूंच्या मनात एकेक गोष्ट जुळत गेली. चहाचं आधण उकळून झाकण थडथडलं तरी हे शेजारी बसून पेपर वाचत असतात. रेडिओ एवढा मोठा की शेजारीण म्हणाली, आम्हाला वेगळा घ्यायलाच नको. नातीने लाडाने कानात काही सांगितलं तर हे नुसतेच हसले. कानमास्तरांचे कान गेले होते, आणि हाडांतून, दातांतून येईल तेवढ्यावर ते काम भागवत होते. कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. अगदी बायकोलाही.

आणि काकूंना आणखी एक गोष्ट ऐकू येत होती. धप् धप् होतंच, पण त्याच्या वर एक बारीक आवाज होता. टिक् टिक् टिक्. मशीनची सुई वाकडी होऊन पट्टीला लागली की येतो तसा.

आता हे सांगायचं कसं? 'तुम्हाला ऐकू येत नाही' म्हणावं, तर हा माणूस त्या क्षणी गाडी स्वतः ढकलत भंगारात नेऊन देईल. काकूंनी चहा बाकावर ठेवला, जवळ गेल्या आणि मास्तरांचा मोकळा हात आपल्या हातात घेतला. काकूंच्या दुसऱ्या हाताच्या बोटात शिवताना घालायचं टोपण तसंच होतं. त्या टोपणाने काकू मास्तरांच्या तळहातावर, इंजिनाच्या बरोबरीने, बारीक ठोके देऊ लागल्या.

मास्तरांनी दांडी दातांतून काढली. बायकोकडे बघितलं. काकूंना वाटलं, आता हात झटकणार.

"हे असं वाजतंय?" त्यांनी विचारलं.

काकूंनी मान हलवली.

"धप् धप् वेगळं?"

"ते वेगळं," काकू त्यांच्या तोंडासमोर स्पष्ट बोलल्या. "हे बारीक आहे. वरून येतंय, त्या बाजूने."

"देत राहा."

ठोके चालू राहिले. इंजिन हळूहळू तापत गेलं. चहावर साय धरली. ठोके मंद झाले, मग हलके झाले, मग टोपण तळहातावर नुसतंच टेकून राहिलं.

"थांबलीस का?" मास्तर वैतागले. "दमलीस?"

"मी कुठे थांबले? ती टिक् टिक् थांबली," काकू पुन्हा त्यांच्या तोंडासमोर म्हणाल्या.

मास्तरांचे डोळे बारीक झाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांचा चेहरा कामाला लागला. "तापल्यावर थांबली? अगं, म्हणजे ही टिक् टिक् बेअरिंगची नाही, बेअरिंगचा आवाज तापल्यावर ऑइल पातळ होऊन वाढतो. कमी होणारा आवाज एकाच गोष्टीचा. धुराच्या पाइपाचा जोड फटीतून श्वास टाकतोय. लोखंड तापून फुगतं, फट मिटते."

त्यांनी इंजिन बंद केलं आणि बॅटरी घेऊन पाइपाच्या जोडावर उजेड टाकला. तिथे काजळीचा काळा पट्टा उठला होता, काजळ फिसकटावं तसा.

"पण जोड उगाच सुटत नाही," ते स्वतःशीच बोलले. "कुणीतरी ओढल्याशिवाय..." मग पहार घेऊन खाली शिरले. पहार लावून रेटा दिला आणि एवढं मोठं इंजिन त्या बाजूने अल्लद वर उचललं गेलं. इंजिन ज्या रबरावर बसतं, ते रबर मधोमध फाटलं होतं. इंजिन एका अंगावर कलंडलं होतं आणि हलताना गाडीच्या सांगाड्यावर आपटत होतं. तेच धप् धप्. कलंडताना त्याने पाइप ओढला, ती टिक् टिक्.

"रबर!" मास्तर खालून ओरडले. "नुसतं रबर, अगं! टायरच्या जाड तुकड्यातून कापून बसवता येईल!"

फाटकाची कडी वाजली. भंगारवाल्याला घेऊन थोरला आत आला. मास्तर खालून सरपटत बाहेर आले, कपाळाला ग्रीस, केसांत माती.

"बाबा, हे आलेत."

"त्यांना चहा दे आणि पाठव. हत्तीण जात नाही. बेअरिंग शाबूत आहे."

"पण तुम्हीच तर दांडी लावून—"

काकू घाईने पुढे झाल्या. बोलायला तोंड उघडलं, वेळ मारून न्यायला काहीतरी. पण मास्तरांनी हात वर केला.

"मला ऐकू येत नाही रे," ते म्हणाले. सहज, पट्टा सैल आहे म्हणावं तसं. "बारीक आवाज तर नाहीच. चुकलो मी. हिला ऐकू येतं, हिने सांगितलं."

थोरला बापाकडे आणि आईकडे आळीपाळीने बघत राहिला. भंगारवाला शहाणा होता. तो चहाचं नाव ऐकून बाकावर टेकला होता, तो उठलाच नाही.

काकू पदराने मास्तरांच्या कपाळावरचं ग्रीस पुसायला गेल्या आणि त्यांच्या तोंडासमोर, मोठ्याने म्हणाल्या, "जन्मभर माझं एक ऐकलं नाहीत. आता कान गेल्यावर ऐकायला लागलात होय?"

मास्तर हसले. "आधी नीट वाजवून सांगायचंस," म्हणाले आणि टायरचा तुकडा शोधायला मागे गेले.

रबर बसलं तेव्हा उन्हं उतरली होती. मास्तरांनी किल्ली फिरवायच्या आधी दांडी नेहमीच्या खिळ्याला अडकवली आणि आपला तळहात काकूंच्या पुढे केला.