मागे कुणीतरी हवं

विल्फ्रेड हॉलरॉइडला त्या रविवारी फार काही करायचं नव्हतं. फक्त शेवटचं यायचं नव्हतं.

हृदय दुबळं झालेल्या रुग्णांसाठी गावात एक संस्था होती. ती दरवर्षी तलावाभोवती पाच किलोमीटरची दौड ठेवी. धावणाऱ्याने ओळखीपाळखीच्यांकडून देणगी कबूल करून घ्यायची आणि पळून आल्यावर गोळा करायची. त्यातून घरोघर फिरणाऱ्या नर्सचा पगार निघे. ही नर्स दर मंगळवारी विल्फ्रेडच्या बायकोची, एडनाची, सुजलेली पावलं दाबून बघे. यंदा तिच्या पगाराला चारशे पौंड कमी पडत होते.

बर्टविसल खाटकाने नेमके चारशे कबूल केले. "पण एक अट. तीन वर्षं तू शेवटचा येतोयस, विल्फ. यंदा एक तरी माणूस तुझ्या मागे पाहिजे. माणूस हां, कुत्रं चालणार नाही."

दुकानातली सगळी रांग हसली. विल्फ्रेडही हसला, कारण त्या गावात दुसरं काही करायची पद्धत नव्हती.

दौड सुरू झाली आणि पहिल्या मैलातच सगळे पुढे निघून गेले, बदकाच्या वेषातला पोस्टमनसुद्धा. मागे वळून बघायचा धीर विल्फ्रेडला बराच वेळ झाला नाही. शेवटी बघितलं, तर निळ्या रेनकोटवर क्रमांक लावून कुणीतरी बाकाबाकावर टेकत येत होतं. रेनकोट घरचाच होता. तो माघारी पळत गेला.

"एडना! तू इथं?"

"नाव नोंदवलंय. नर्सलाही विचारलंय. हळू चाला, दम लागला की बसा, म्हणाली. तू कशाला माघारी आलास, बावळटा? मी मागे राहायला आलेय!"

"तुला एकटीला टाकून जाऊ?"

"चारशे पौंड, विल्फ. पळ!"

तो पळाला नाही. तिच्यापुढे दोन पावलं चालत राहिला. ती ओरडली की तीन. असं करत दीड तासाने दोघं शेवटाशी आले.

शेवट म्हणजे बागेचं लोखंडी फाटक, एका वेळी एकच माणूस जाईल असं. पलीकडे घड्याळ आणि पेन्सिल घेऊन ऑग्डनबाई, शेजारी बर्टविसल. विल्फ्रेडने फाटक उघडलं आणि धरून ठेवलं. एक्केचाळीस वर्षं प्रत्येक दार त्याने असंच धरलं होतं. "थँक्यू, राजा," म्हणत एडना आत गेली. एक्केचाळीस वर्षं तीही अशीच जात होती.

ऑग्डनबाईंनी तिचा क्रमांक लिहिला. मग सगळ्यांच्या लक्षात आलं.

"चौथं वर्ष," बर्टविसल म्हणाला.

एडना वळून फाटकाबाहेर आली. "ऑग्डनबाई, मी पोचले नाहीये अजून. नुसती डोकावले."

"लिहून झालं हो."

"पेन्सिलीनंच ना?"

ऑग्डनबाईंनी खाटकाकडे पाहिलं. अठरा वर्षं त्याचा खोटा तराजू त्यांनी मुकाट्याने सोसला होता. त्यांनी क्रमांक खोडला.

विल्फ्रेडचा हात पुन्हा फाटकाकडे गेला. एडनाने त्यावर चापट मारली. "आत हो आधी!"

तो आत गेला. पाच मिनिटं फाटकाला टेकून ती मागून आली.

"बायको चालेल असं मी म्हटलं नव्हतं," बर्टविसल पुटपुटला.

"चालणार नाही असंही नव्हतं म्हटलं," ऑग्डनबाई म्हणाल्या. त्याने पाकीट काढलं.

एडना खुर्चीवर टेकली. श्वास जागेवर आल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी जरा जोरात पळ, विल्फ. याहून हळू मला जमायचं नाही."