जड झालेलं झाकण

मी झाकण बोलतोय. पातेल्याचं किंवा बाटलीचं नव्हे. घरामागच्या फरसबंद अंगणात गरम पाण्याचा एक टब आहे, चार माणसं गळ्यापर्यंत बुडून बसतील एवढा. त्याचं मी झाकण. पाण्याची ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही आणि पानं, किडे, शेजारचं मांजर आत पडू द्यायचं नाही, एवढंच माझं काम. सध्या मी टबावर नाही, भिंतीला टेकून उभा आहे. असं का झालं, ते सांगतो.

माझा जन्म ताडपत्रीवाल्या बाईंच्या कारखान्यात झाला. ट्रकांची, होड्यांची, दुकानांपुढच्या छपरांची कापडं शिवणाऱ्या या बाई. त्यांनी फोमच्या दोन जाड पाट्या कापल्या, प्रत्येकीला प्लास्टिकमध्ये गुंडाळलं, वर तपकिरी रेक्झिन चढवलं आणि दोन्ही पाट्या मधोमध शिवणीने जोडल्या, म्हणजे मी पुस्तकासारखा मिटावा. माझ्या खालच्या अंगाला त्यांनी पितळी रिंगा ठोकून चार बारीक भोकं ठेवली. ती कशासाठी, हे कुणी विचारलं नाही आणि बाईंनाही फार बोलायची हौस नव्हती.

माझे मालक रंगारी. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची छतं रंगवली. मान वर, हात वर. खांदे असे आखडले की शर्ट घालताना तोंडून शिवी निघायची. हा टब त्यांनी बंद पडलेल्या एका हॉटेलातून आणला. "चाळीस वर्षं छताकडे बघितलं," ते बाईंना म्हणाले, "आता छत नसलेल्या जागी बसणार."

रोज सकाळी चहाआधी ते येत. पट्ट्या सोडत, एका हाताने मला दुमडत, बाजूला उभं करत आणि पाण्यात उतरत. बायको गेल्यापासून ते एकटे राहत होते. बडबडत मात्र असत. कधी स्वतःशी, कधी मांजराशी.

रंगाऱ्यांच्या धंद्यात एक नियम होता. ज्याची शिडी त्यानेच उचलायची. जिना असो, अरुंद बोळ असो, हात लावू द्यायचा नाही. शिडीचा भार पेलवेनासा झाला की तिच्यावर चढणं थांबवायचं. आमच्या रंगाऱ्यांनी पासष्टाव्या वर्षी काम सोडलं ते असंच. एका घराच्या जिन्यावर तिसऱ्या पायरीशी शिडी टेकवली, खाली आले, ब्रश धुतले आणि घरी आले. कुणाला सांगावं लागलं नाही.

मग त्यांची मुलगी परत आली. दूरच्या विद्यापीठात शिकून, दोन बॅगा आणि बरीच मतं घेऊन. शहराच्या दुसऱ्या टोकाला तिने दुरुस्तीचा वर्ग काढला: मोडकी वस्तू घेऊन या, इथे शिका, नीट करून घेऊन जा. रविवारी ती वडिलांकडे यायची. तोवर उन्हाने माझं रेक्झिन तडकलं होतं, एक कोपरा फाटला होता.

"नवीन शिवून घेतो," रंगारी म्हणाले.

"बाबा, कोपरा फाटला म्हणून अख्खं झाकण टाकून देणार? उद्या चष्मा मोडला तर डोळे बदलाल!"

"डोळे मिळत असते तर बदललेच असते गं."

पण ती कुठली ऐकते? दोन रविवार मांडी ठोकून ती माझ्याजवळ बसली. भेगा घासल्या, सरस लावला, ठिगळं दाबून बसवली. मग मला उलटं केलं, आणि तिला ती चार भोकं दिसली. तिने त्यांच्यावरही चार गोल ठिगळं लावली. ही चार सगळ्यांत सुबक झाली होती.

त्यानंतर मी जड होऊ लागलो. पाण्याची वाफ खालच्या शिवणींतून माझ्यात शिरायची आणि आतच राहायची. रोज अर्धी वाटी. एका दिवसात काही कळत नाही. पहिल्या हिवाळ्यात रंगाऱ्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं. दुसऱ्या हिवाळ्यात ते गुडघा टेकवू लागले, पुढे ब्रशाचा लांब दांडा घालून उचकटू लागले. मुलीने पाहिलं नाही, कारण रविवारी ते पाण्यात उतरतच नसत. "आज पाणी फार तापलंय," म्हणत. माणसं आपली दुखणी कशी लपवतात, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे.

एका रविवारी त्यांनी एक कागद तिच्यापुढे ठेवला. वृद्धनिवासाचा अर्ज, सही केलेला.

"हे काय? कुणी काही बोललं का तुम्हाला?"

"कोण बोलणार? झाकण उचलवत नाही मला. स्वतःचं झाकण उचलता येत नाही, त्या माणसाने एकट्याने राहू नये."

"मग झाकण बदलू या!"

"झाकण तेच आहे गं. मी बदललोय."

तिने ताडपत्रीवाल्या बाईंना फोन केला. बहुधा एखादं हँडल, एखादी कप्पी लावून मिळेल, अशी तिला आशा होती.

बाई आल्या. पाट्या उचलण्यातच हयात गेलेली बाई. त्यांनी माझी कड धरली, ओढली आणि सोडून दिली.

"भाऊ, हे रोज कोण उचलतं?"

"मीच की."

"एकटे? अहो, मला हलत नाही हे!"

बाईंनी माझ्या कापडाची चेन उघडली. फरशीवर पाणी वाहू लागलं, वाहतच राहिलं. त्यांनी आणि मुलीने एक पाटी ओढून न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. चौतीस किलो.

"नऊ किलोची दिली होती मी," बाई म्हणाल्या. मग त्यांनी माझं खालचं अंग चाचपलं. "आणि ही भोकं कुणी बुजवली?"

"मी," मुलगी म्हणाली.

"अगं पोरी, पाणी गळून जायला ठेवली होती ती! काम मात्र झकास केलंस हो. एक थेंब बाहेर पडला नाही."

रंगारी काट्याकडे बघत होते. पुन्हा पुन्हा वाकून आकडा वाचत होते.

मुलीने विचारलं, "मावशी, याच कापडात नवा फोम घालता नाही का येणार?" बाईंनी माझ्या मधल्या शिवणीजवळ नुसती दोन बोटं घालून ताणलं. जुन्या वर्तमानपत्रासारखा मी टरकन फाटलो. "सुई धरणार नाही हे. वरचं कापड धड असतं तर फोम बदलला असता, फोम धड असता तर कापड शिवलं असतं. तुझं दोन्ही गेलंय."

मुलगी बराच वेळ माझ्या ठिगळांवरून हात फिरवत उभी राहिली. तिच्यासाठी ते सोपं नव्हतं, एवढं मला कळलं. मग म्हणाली, "नवीन शिवा. आणि भोकं जरा मोठी ठेवा."

परवा नवं झाकण आलं. मुलगी मदतीला पुढे झाली तर रंगारी तिच्यावर खेकसले, "हो बाजूला!" त्यांनी ते उचललं. परत ठेवलं. परत उचललं. असं पाच वेळा. आनंदाने म्हणाल तर तसंही नाही. चेहरा रागावलेला होता. "दोन वर्षं," ते म्हणाले, "दोन वर्षं मी म्हातारा झालो असं समजून बसलो होतो!"

"बाबा, चुकलं माझं."

"चुकलंच. टॉवेल आण आता."

दुपारी त्यांनी वृद्धनिवासाला फोन केला. नाव खोडू नका म्हणाले, यादीत शेवटी सरकवा. आणि शेवटी कुणी नवीन आला की त्याच्याही खाली.

माझी कुणाबद्दल तक्रार नाही. मुलीने माझ्या एका धड कोपऱ्याचा तुकडा कापून वर्गात नेला आहे, ठिगळ लावलेल्या भोकासकट; तो ती शिकायला येणाऱ्यांना आधी दाखवते म्हणे. बाकीचा मी इथे निथळतो आहे. उद्या कचऱ्याची गाडी येईल. एकच विनंती: मला न्यायला दोन माणसं पाठवा. एकटाच कुणी आला आणि मी जागचा हललो नाही, तर तो बिचारा उगाच स्वतःच्या हातांकडे बघत बसेल.