पुढे ढकललेली तारीख

होरिई-सानांनी भाताचा नवा कुकर विकत आणला, त्या दिवशी अनुराधाने घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, "विवेक, आता हे जमणार."

तीन वर्षं ती या एकाच गोष्टीच्या मागे होती. पुण्यात जपानी शिकलेली आणि लग्नानंतर जपानात, इचिकावाला आलेली अनुराधा सुरुवातीला कंपन्यांची कागदपत्रं भाषांतर करून द्यायची. मग तिच्या लक्षात आलं, की बड्या कंपन्यांची गाठ घालून द्यायला माणसं पुष्कळ आहेत. पण तिकडे भोसरीतली वीस माणसांची शेड आणि इथे जवळच्याच कोतोतल्या गल्लीतला एका माणसाचा कारखाना यांना कोण भेटवणार? तिने तेच काम हाती घेतलं.

तो एका माणसाचा कारखाना होरिई-सानांचा. वय चौऱ्याहत्तर, बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगी ओसाकाला. खाली मशीन, वर घर. औषधाच्या पंपात बसणाऱ्या इवल्याशा स्प्रिंगा ते करत. तार कुठे हट्टाला पेटली आहे ते त्यांना मशीनच्या आवाजावरून कळायचं. हे सगळं त्यांच्याबरोबर संपणार, असं ते स्वतःच सांगत आणि सांगताना तक्रारीचा सूर नसे.

भोसरीचे सदानंद लोहोकरे याच धंद्यातले, पण त्यांच्या स्प्रिंगा जाड्या, ट्रॅक्टरच्या, शटरच्या. त्यांना ही बारीक विद्या हवी होती. होरिई-सानांनी पहिल्या वर्षी दोनदा नकार दिला. "शिकवायला दहा वर्षं लागतात. माझ्याकडे तेवढी नाहीत," असं म्हणून अनुराधाला चहा पाजून परत पाठवलं.

मग सदानंदरावांच्या मुलीने, चैत्रालीने, त्यांना पत्र लिहिलं. सव्वीस वर्षांची मेकॅनिकल इंजिनिअर. ईमेल नाही, हाताने लिहिलेलं, मोडक्या जपानीत. "मला दहा वर्षं नकोत, दोन द्या. बाकीची आठ मी भोसरीत करीन," एवढाच त्याचा अर्थ. आठवड्याने होरिई-सानांनी ते पत्र लाल शाईने तपासून तिला परत पाठवलं. चुका दुरुस्त केल्या होत्या, दुसरं काही नाही. चैत्रालीने ते पुन्हा सुवाच्य लिहून पाठवलं, सोबत नवं पत्र जोडलं. असं दीड वर्ष चाललं. शेवटची दोन पत्रं परत आली तेव्हा त्यात लाल शाई जेमतेम तीन-चार ठिकाणी होती, आणि खाली लिहिलं होतं, "वरची खोली रिकामी आहे."

करार झाला. दोन वर्षं चैत्रालीने कोतोत राहून शिकायचं, मग मशीन भोसरीला जायचं आणि माल दोघांच्या नावाने विकायचा. होरिई-सान तयारीला लागले; भाताचा कुकर त्याच तयारीतला. चैत्राली मासे खात नाही हे कळल्यावर त्यांनी दुकानातल्या एकेका सॉसच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचून काढली आणि वैतागून अनुराधाला फोन केला, "अनुराधा-सान, या देशात माशाशिवाय काही शिजतच नाही की हो! पन्नास वर्षं स्वयंपाकघरात वावरतोय, मला पत्ता नव्हता."

चैत्रालीचं तिकीट सप्टेंबरच्या अखेरच्या शनिवारचं काढायचं ठरलं होतं. नारिता विमानतळावर जाऊन तिला घेणं, दोन-तीन दिवस सोबत राहणं, वॉर्ड ऑफिसात पत्ता नोंदवणं, हे सगळं अनुराधाच करणार होती. तिकीट काढण्याआधी दोन दिवस शाळेची चिठ्ठी आली. मुलीच्या, कादंबरीच्या शाळेचा क्रीडादिन नेमका त्याच शनिवारी. कादंबरी नऊ वर्षांची. मागच्या दोन्ही वर्षी आई आली नव्हती, हे तिने जपानीतच आणि अगदी शांतपणे सांगितलं. ती रडली असती तर अनुराधाला सोपं गेलं असतं.

खरं कारण सांगितलं असतं तरी कुणी नाही म्हटलं नसतं. पण तीन वर्षं जपलेल्या कामात आपल्या घरचं कारण पुढे करायला अनुराधाला संकोच वाटला. तिने सदानंदरावांना कळवलं, "होरिई-सानांची थोडी अडचण आहे, दोन आठवडे पुढे जाऊ या." आणि होरिई-सानांना सांगितलं, "व्हिसाचे कागद उशिरा येताहेत." दोघांनीही लगेच मान्य केलं. चैत्रालीने तर फोनवर हसून म्हटलं, "बरंच झालं अनुराधाताई, आईची गणपतीनंतरची आवराआवर तरी होईल माझ्या हातून."

नव्या तारखेच्या पाच दिवस आधी, मोशीजवळ, चैत्रालीच्या स्कूटरला डंपरने उडवलं. ती जागीच गेली. प्रवासाची बॅग विकत घ्यायला निघाली होती.

सदानंदरावांच्या पुतण्याने, केदारने, फोन करून कळवलं. अनुराधा दुसऱ्या दिवशी सकाळी कोतोला गेली. होरिई-सान वरच्या खोलीत नव्या गादीला खोळ घालत होते. तिने उभ्या उभ्याच सांगितलं, बसून सांगण्याचं तिला सुचलं नाही. त्यांनी हातातली खोळ शेवटच्या टोकापर्यंत नीट चढवली, गादीची घडी केली आणि भिंतीशी ठेवली. मग विचारलं, "वडील कसे आहेत?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी मशीन चालू झालं नाही.

नोव्हेंबरात सदानंदरावांचा फोन आला. त्यांना यायचं होतं. "दिलेला शब्द मोडला आमच्याकडून," ते म्हणाले. "फोनवर माफी मागणं बरं दिसत नाही. तुम्ही फक्त सोबत राहा, ताई."

नारिताला तिने त्यांना पाहिलं तेव्हा आधी ओळखलंच नाही. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, स्वेटरमध्ये मावेनासा झालेला असायचा, तो आता त्याच स्वेटरमध्ये हरवला होता. गाडीत ते एकदाच बोलले. "चैत्राली हीच गाडी पकडणार होती ना?"

कारखान्यात होरिई-सान धुतलेल्या शर्टवर टाय बांधून उभे होते. दोघे एकमेकांसमोर वाकले आणि बराच वेळ वर उठलेच नाहीत. मग खालीच, मशीनशेजारच्या दोन स्टुलांवर बसले. अनुराधा मध्ये, तेलाच्या डब्यावर वर्तमानपत्र घालून.

सदानंदराव सावकाश मराठीत बोलू लागले. शब्द तयार करून आणलेले असावेत. "यांना सांगा ताई, की तारीख यांच्या अडचणीमुळे पुढे गेली, हे यांच्या मनाला लागलं असेल. लागू देऊ नका म्हणावं. अडचण कुणालाही येते. आमच्या घरात कुणीही यांना दोष देत नाही. तिच्या आईनेसुद्धा हे मुद्दाम सांगायला सांगितलंय."

होरिई-सान तिच्याकडे बघत होते.

"लोहोकरे-सान म्हणतात," ती जपानीत म्हणाली, "तुम्ही तिच्यासाठी जे केलंत, त्याबद्दल घरातले सगळे तुमचे ऋणी आहेत."

होरिई-सानांनी मान हलवली, नको नको अशी. मग म्हणाले, "त्यांना सांगा, व्हिसाला उशीर झाला हा त्यांचा दोष नाही. सरकारी कागदांना असंच होतं. ते रोज रात्री हाच विचार करत असतील. मी बाप आहे, मला कळतं. त्यांनी करू नये."

सदानंदराव वाट बघत होते.

"ते म्हणतात," अनुराधा म्हणाली, "तुम्ही स्वतःला त्रास करून घेऊ नका."

दोघेही समाधानाने मान डोलावत होते. जे सांगायला आलो ते सांगून झालं, अशा चेहऱ्याने. त्या दोन चेहऱ्यांच्या मधोमध बसवेना तिला. तेवढ्यात होरिई-सान उठले, त्यांनी मशीन सुरू केलं आणि चैत्रालीला पहिल्या दिवशी जे दाखवणार होते ते तिच्या वडिलांना दाखवू लागले. त्याला भाषा लागली नाही.

हॉटेलकडे परतताना कालव्यावरच्या पुलावर तिने त्यांना थांबवलं. सायकलवरून माणसं घरी चालली होती.

"सर, होरिई-सानांना काही अडचण नव्हती," ती म्हणाली. "तारीख मी बदलली. माझ्या मुलीच्या शाळेचा क्रीडादिन होता. तुम्हाला त्यांची अडचण सांगितली, त्यांना तुमच्या व्हिसाचा उशीर सांगितला. आजही तुमचं बोलणं मी त्यांना सांगितलं नाही."

सदानंदराव कठड्याला धरून उभे राहिले. ती वाट बघत राहिली. ते ओरडतील, किंवा जाऊ द्या म्हणतील. कुठल्याही शब्दाला ती तयार होती.

"हे मला कशाला सांगितलंत?" ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "होरिई-सानांची अडचण होती, म्हटलं वडीलधारा माणूस, आजारी असेल. मी आणि तिच्या आईने ते कसंबसं गिळलं होतं. आता घरी जाऊन मी तिच्या आईला काय सांगू? क्रीडादिन?"

"मला लपवून ठेवता येईना, सर."

"हो. तुम्हाला येईना." त्यांनी डोळे पुसले. "तुमचं हलकं झालं, मॅडम."

ताईची मॅडम झाली, ती तेव्हापासून.

थोडं चालल्यावर ते पुन्हा थांबले. "उद्या त्यांनाही सांगा. माझ्यासमोर. ते म्हातारे आहेत. आम्हीच उशीर केला असं मनात धरून त्यांनी आम्हाला माफ करत बसू नये."

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. आधी जपानीत, मग तेच मराठीत, काहीही न गाळता. होरिई-सानांनी मांडीवर हात ठेवून सगळं ऐकून घेतलं. बाहेर कचऱ्याची गाडी येऊन गेली. मग त्यांनी विचारलं, "मुलगी कशात धावली?"

"रिले," ती म्हणाली. "तिसरी आली त्यांची टीम."

"हं," होरिई-सान म्हणाले. "आई बघायला होती म्हणजे." यात टोचणी होती की नव्हती, हे तिला कळलं नाही. ते उठून मशीनकडे गेले आणि सदानंदरावांना हाताने जवळ बोलावलं. तिला बोलावलं नाही.

सदानंदराव चार दिवसांसाठी आले होते, ते बारा दिवस राहिले. हॉटेल सोडून वरच्या खोलीत, त्याच गादीवर. परतीच्या दिवशी सोडायला येऊ का, असं तिने सदानंदरावांना विचारलं, तर उत्तरादाखल भोसरीहून केदारचा मेसेज आला, की होरिई-सान स्वतः जाणार आहेत.

घरी विवेक म्हणाला, "डंपर तू चालवत नव्हतीस, अनु." बरोबरच होतं ते. तिने मान डोलावली आणि कादंबरीची वॉटरबॅग धुवायला घेतली. दुसरा कुठला कारखाना, दुसरी कुठली भेट, तिने त्या हिवाळ्यात घेतली नाही. आलेल्या दोन ईमेलना तिने नम्र नकार पाठवला.

एप्रिलमध्ये कराराच्या मूळ प्रती परत द्यायच्या होत्या, म्हणून ती कोतोला गेली. शटर अर्धं वर होतं. आत मशीनच्या शेजारी लाकडी खोक्याच्या फळ्या रचल्या होत्या; ठरलेली दोन वर्षं न थांबता मशीन आताच भोसरीला चाललं होतं. होरिई-सान तिच्याकडे पाठ करून बसले होते. समोर स्टुलावर मोबाइल उभा केला होता, आणि पडद्यावर सदानंदराव होते, मागे त्यांची शेड.

होरिई-सान जपानीत काहीतरी म्हणाले. थोडं थांबून मोबाइलमधल्या भाषांतराच्या अ‍ॅपचा सपाट, बायकी आवाज मराठीत बोलला: "तार आज नाराज आहे. तुमच्याकडे हवामान कोरडे आहे काय?"

"कोरडं आहे, साहेब, फार कोरडं," सदानंदराव म्हणाले. "तिकडे तुम्ही जेवलात का?"

पुन्हा तोच आवाज, आता जपानीत. "जेवलात का" याचं भाषांतर चुकीचं झालं होतं. घरातलं अन्न संपलं का, असं काहीतरी निघालं. अनुराधाच्या ओठांवर बरोबर वाक्य आपोआप आलं. पण होरिई-सानांना अर्थ लागला होता. ते हसले आणि त्यांनी भाताचं भांडं उचलून कॅमेऱ्यासमोर धरलं.

अनुराधाने करारांचा लिफाफा दाराशेजारच्या पत्रपेटीत सरकवला. आवाज होऊ नये म्हणून झाकण हाताने धरून बंद केलं आणि ती स्टेशनच्या दिशेने चालू लागली.