फिचायाफाबाई, जिथे असाल तिथून या

मित्रांनो, मान जरा वर करा. झाडाकडे नाही, खांबाकडे. एका बाजूने चेपलेला, रंगाचे पोपडे उडालेला, मैनेच्या घरट्याच्या काड्या तोंडातून बाहेर लोंबताहेत असा जो दिसतोय ना, तो मी. या बागेचा जुना भोंगा. दर रविवारी तुम्ही माझ्या खालून जाता. एकाने तरी कधी वर पाहिलं? म्हणून आज मी बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही.

माझा जन्म पत्र्याच्या एका लहानशा कारखान्यात झाला. हातोड्याचे घाव मी मुकाट्याने सोसले, कारण पुढे आपल्याला आवाज मिळणार हे मला माहीत होतं. सुरुवातीला मी भातशेतीतल्या एका गावात मुखियाच्या घरावर होतो. कुणाची म्हैस सुटली, कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं, लस टोचायला डॉक्टर आले, सगळं मी सांगायचो. माझा आवाज आला की जेवणाऱ्याचा घास हातात थांबायचा. तेव्हा माझी वर्षातून एकदा रंगरंगोटीही व्हायची. मग गावात घरोघरी मोबाईल आले. मला उतरवून पोत्यात घातलं आणि इथे चिआंग माई शहरात, जुन्या तटाभोवतीच्या खंदकाकाठच्या या बागेत आणून टांगलं.

माझं दुखणं आता सांगतो. उंचावरून मला सगळं दिसतं, पण माझ्या मनातलं एक अक्षर मला बोलता येत नाही. वायरच्या दुसऱ्या टोकाला बसलेलं माणूस जे बोलेल, तेच मी ओरडायचं. चूक बोललं तर चूक ओरडायचं. माझ्यासारखी घुसमट शत्रूच्याही वाट्याला येऊ नये.

रविवारची आमची बाग म्हणजे सगळा निवांत कारभार. लोक चटई भाड्याने घेतात, चपला कडेला काढतात आणि आडवे होतात. मग उठून तळ्यातल्या माशांना खायला घालतात. मग रमतगमत तटाच्या भिंतीलगतच्या बाजारात शिरतात. भाजलेले मसालेदार सॉसेज, केळीच्या पानातला चिकट भात, नारळाचे गरम गरम आप्पे. या सगळ्यात माझं कोण ऐकतं? मी घसा फाडून सांगतो, ‘गवतावर गाडी लावू नका,’ आणि माझ्याच खांबाला टेकून स्कूटर उभी राहते. दिवसातून फक्त दोनदा लोक माझं मानतात. सकाळी आठला आणि संध्याकाळी सहाला माझ्यातून राष्ट्रगीत लागतं. तेव्हा धावणारा थांबतो, सॉसेज उलटणारा चिमटा तसाच हवेत राहतो. गीत संपलं की पुन्हा तेच. भोंगा गेला खड्ड्यात.

गेल्या थंडीतल्या रविवारची गोष्ट. ऊन उतरत आलं होतं. माझ्या खालच्या चौकीत माईकवर लामयाईबाई होत्या. केस नीट बांधलेल्या, नियमाच्या पक्क्या. तिथे एक माणूस घामाघूम होऊन आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला सरकारी बिल्ला. त्याचं नाव सुराफोन.

“आई हरवली माझी. आत्ता इथे होती. मी फोनवर बोलत होतो, वळून बघतो तर नाही. तिला अलीकडे विसरायला होतं हो.”

“ओळखपत्रावरचं नाव सांगा,” लामयाईबाई म्हणाल्या.

“फिचायाफा.”

आणि मी ओरडलो, “श्रीमती फिचायाफा, आपण जिथे असाल तिथून कृपया चौकीपाशी यावे!”

मित्रांनो, मला ती म्हातारी दिसत होती! जांभळा स्वेटर, हातात माशांच्या खाण्याची पिशवी. तळ्याच्या कडेला उभी राहून ती माझं सगळं नीट ऐकत होती. ऐकून शेजारच्या बाईला म्हणाली, “कोण गं ही फिचायाफा? येत का नाही बया? घरचे काळजीत असतील.”

आता यात तिचा काय दोष? आदल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली. मुलगा ज्योतिष्याकडे गेला. ज्योतिषी म्हणाला, नावातली अक्षरं वाईट आहेत, बदला. आमच्याकडे हे सर्रास चालतं. सुराफोनने कचेरीत जाऊन आईचं नाव बदलून आणलं. नाव भारदस्त होतं, फक्त आईच्या डोक्यात ते कधी शिरलंच नाही. जन्मभर सगळ्यांनी तिला हाक मारली ती उंग म्हणून. उंग म्हणजे पावसात फुगून बसणारा बेडूक. तान्ह्या लेकराला भुताखेतांनी उचलू नये म्हणून आमच्याकडे असंच काहीतरी नाव ठेवतात, आणि ते माणसाला मरेपर्यंत चिकटतं.

मी पुन्हा ओरडलो, पुन्हा ओरडलो. फिचायाफा, फिचायाफा! म्हातारी चालू लागली. बाजारातून, आप्प्यांच्या गाडीवरून, थेट मागच्या फाटकाकडे. फाटकाबाहेर खंदकाचा रस्ता. तिथे गाड्या कुणाच्या आईसाठी थांबत नाहीत. मला दिसत होतं आणि मी खांबावर नुसता थरथरत होतो. घरटं सोडून मैना उडून गेली. आग लागो त्या वायरीला!

तेवढ्यात चटया भाड्याने देणारी बुआखाम मावशी चौकीपाशी आली. काखेत चटयांची गुंडाळी.

“अरे, तू उंगचा सुराफोन ना? असा रडवेला का झालास?”

“मावशी, आई हरवली. मघापासून भोंग्यावर सांगतोय!”

“उंग हरवली? आणि भोंग्यावर कोणत्या राणीसाहेबांना बोलावताय मग?”

“ते आईचंच नाव आहे. नवीन.”

“अरे गाढवा! त्या नावाने ती जेवायला तरी येते का? उंग म्हण, उंग!”

सुराफोनने इकडेतिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. “मावशी, आमच्या कचेरीतले लोक आलेत बाजारात. सगळ्या बागेसमोर आईला बेडूक म्हणू?”

“ओळखपत्रावर नसलेलं नाव मला पुकारता येत नाही,” लामयाईबाई म्हणाल्या.

“तुझ्या ओळखपत्रावर लामयाई लिहिलंय का गं?” मावशी कडाडली. “फळाचं नाव मिरवतेस आणि मला कायदा सांगतेस!”

भांडा. भांडत बसा. म्हातारी फाटकाबाहेर पडली होती. तिचा एक पाय रस्त्यावर होता.

आणि सहा वाजले.

माझ्यातून राष्ट्रगीत लागलं. सगळी बाग उभी राहिली. मावशी गप्प, लामयाईबाई ताठ. फाटकात म्हातारीने रस्त्यावरचा पाय मागे घेतला, दोन्ही पाय जुळवले आणि सरळ उभी राहिली. स्वतःचं घर विसरलेल्या त्या बाईला हे मात्र आठवत होतं. मी जन्मात असा जीव तोडून गायलो नाही. पण गीत ते किती लांब असणार? शेवटचा सूर आला.

लोक हलायच्या आत सुराफोनने माईक हिसकावला. आधी नुसता त्याचा श्वास माझ्यातून बाहेर पडला. मग तो ओरडला, “आई! ए आई! उंग! माझी आई, उंग! कुठे आहेस गं?”

बाजारात कुणीतरी खुदकन हसलं. हसू द्या.

फाटकात म्हातारी गर्रकन वळली. तिने वर पाहिलं. मित्रांनो, माझ्याकडे पाहिलं, सरळ माझ्या तोंडाकडे. आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, “ओ! आले रे! बेंबीच्या देठापासून ओरडायला मी काय बहिरी आहे?”

इतकी वर्षं मी ओरडतोय. भोंग्याला उलटून ओ देणारं ते पहिलं माणूस.

ती आली तेव्हा सुराफोन तिच्या पायाशी बसून रडला. तिने त्याला माशांच्या खाण्याची पिशवी दिली. “रडतोस काय? घे, माशांना घाल. आणि ती फिचायाफा सापडली का रे?”

तुम्हाला वाटेल, यातून लोक काही शिकले. कसलं काय! पुढच्या रविवारी चौकीवर पाटी लागली, ‘फक्त ओळखपत्रावरील नाव पुकारले जाईल.’ परवाच एक आजोबा अर्धा दिवस आपलंच नाव ऐकत बाकावर बसून होते.

मित्रांनो, माझ्यावर रंग मारा अगर मारू नका. वायर तेवढी बदला, पाऊस आला की झटका बसतो. मैनेचं घरटं काढू नका, तिची पिल्लं लहान आहेत. आणि तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कोणत्या हाकेला ओ देतं, ते आज घरी जाऊन पाहा. कागद बघू नका. हाक मारून पाहा. नाहीतर एक दिवस तुम्ही माझ्या खाली उभे राहाल, मला ते माणूस दिसत असेल, आणि तुम्ही मला भलतंच नाव ओरडायला लावाल.