रणगाड्याची तालीम

सकाळी आठ वाजता भंगाराच्या गोदामाचं मोठं फाटक उघडायचं, सून वजनकाट्याजवळच्या खुर्चीवर येऊन बसायची आणि अण्णा कोपऱ्यातली काठी उचलायचे. हा क्रम कधी चुकला नाही. अण्णा म्हणजे सुनेचे सासरे आणि गोदामाचे मालक. वय सत्तरीला टेकलेलं, पण आवाज अजून फाटकाबाहेर ऐकू जाणारा. काठी घेऊन ते सरळ मागच्या कुंपणाकडे जायचे. तिथे जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्याला, चार हात साखळीने, रणगाडा बांधलेला असायचा.

रणगाडा हा कुत्रा, पिटबुल जातीचा. रुंद छाती, चौकोनी डोकं, कातडी तांबूस. खुंट्याभोवती फिरून फिरून त्याने जमीन अशी घोटून काढली होती की त्या रिंगणात गवताचं पातंही उगवत नव्हतं. तीन वर्षांत त्याने तेवढंच जग पाहिलं होतं.

अण्णा रिंगणाबाहेर उभे राहून आधी कुंपणाच्या पत्र्यावर काठी आपटायचे. धाड, धाड, धाड. मग तीच काठी कुत्र्याच्या बरगडीत. कुत्रा झेपावला की साखळी त्याला मागे खेचायची, त्याचा श्वास घुसमटायचा, आणि फाटकाशी माल घेऊन उभी असलेली माणसं दोन पावलं मागे सरायची. अण्णांचा चेहरा खुलायचा.

"ही रोजची तालीम!" ते सगळ्यांना ऐकवायचे. "जन्मतःच कोणी रणगाडा नसतो. आणलं तेव्हा मेंढरू होतं मेंढरू! त्याला असा मी केला. माझ्या हातचं काम आहे हे."

वाचकहो, हे वाक्य ध्यानात ठेवा. अण्णांनी ते निदान हजार वेळा उच्चारलं असेल. पुढे ते सोयीस्करपणे विसरले. तुम्ही विसरू नका.

तालमीचा हा रिवाज अण्णांच्या वडिलांपासूनचा. त्या घरात कुत्रा पाळत नसत, तापवत असत. त्याला कोणी कुरवाळायचं नाही, लाडाने हाक मारायची नाही, पाणी दिवसातून एकदाच. रणगाड्याच्या आधी तोफ्या होता, त्याच्या आधी सुरुंग. दोघेही साधेच कुत्रे. दोघांनीही माणसं फाडली आणि दोघेही जिवानिशी गेले. तिसऱ्या वेळी अण्णांनी मुद्दाम पिटबुल आणला. का, तर नाव ऐकूनच लोकांची पाचावर धारण बसते, अर्धं काम नावच करतं. आणि ते खरंच होतं. गल्लीतल्या आया मुलांना घेऊन पलीकडच्या बाजूने जायच्या. ज्यांनी रणगाड्याला कधी पाहिलंही नव्हतं त्यांनाही तो किती भयंकर आहे हे तोंडपाठ होतं.

त्याला न घाबरणारं एकच माणूस होतं, सुनेची सात वर्षांची मुलगी. एका जागी ठरत नाही म्हणून तिचं नाव मुंगी पडलं होतं. दुपारी शाळेतून आली की दप्तर वजनकाट्यावर टाकायची, "आई, आज दप्तर जास्त भरतंय का बघ गं" म्हणायची आणि मागे पळायची. एका चेमटलेल्या टोपात पाणी घेऊन ती रिंगणाच्या काठावर ठेवायची आणि पायाने आत ढकलायची. आजोबांनी ठेवलेलं भारदस्त नाव तिने कधीच मोडीत काढलं होतं. "गाडू, पी रे," ती म्हणायची. गाडू पाणी प्यायचा, मग रिंगणाच्या काठाशी अंग टाकून तिची शाळेतली सगळी भांडणं ऐकत पडायचा.

सुनेला हे ठाऊक होतं. "रिंगणात पाऊल टाकायचं नाही," एवढंच तिने मुलीला बजावलं होतं. अण्णांना मात्र ती एका शब्दाने बोलली नव्हती. नऊ वर्षं तिने रोज सकाळी तो पत्रा ऐकला आणि मान खाली घालून वजनं केली. सून या कथेची नायिका असली तरी तिला यातून माफी नाही. ती स्वतःही स्वतःला देत नाही.

त्या दिवशी एक नवा व्यापारी तांब्याची तार बघायला आला होता. अण्णांना चेव चढला. सकाळची तालीम झालेली असूनही त्यांनी दुपारी त्याला मागे नेऊन पुन्हा तमाशा दाखवला. दुप्पट वेळ पत्रा वाजला. कुत्र्याच्या तोंडाला फेस आला, धडपडीत मुंगीने काल ठेवलेला पाण्याचा टोप उलटून खुंट्यापाशी घरंगळत गेला. व्यापारी खूश झाला. काठी कुंपणाला टेकवून अण्णा त्याला घेऊन कचेरीत गेले.

तेवढ्यात मुंगी शाळेतून आली. टोप आत, खुंट्याजवळ. आईने रिंगणात जायचं नाही म्हणून सांगितलेलं. मुलगी गुणाची, आईचा शब्द मोडणारी नव्हे. टोप ओढून घ्यायला लांब काहीतरी हवं म्हणून तिने इकडेतिकडे पाहिलं आणि कुंपणाला टेकवलेली काठी उचलली.

सुनेने किंकाळी ऐकली आणि ती हातातला माल टाकून धावली. कुत्र्याचे दात मुंगीच्या उजव्या हातात रुतले होते, मनगटाच्या वर. काठी अजून तिच्या मुठीत होती. आईला पुढचं सगळं शेवटपर्यंत आठवणार आहे. मुलीची मूठ उघडली, काठी खाली पडली, आणि त्याच क्षणी कुत्र्याने हात सोडला. त्याने काठी तोंडात धरली आणि खुंट्यापाशी जाऊन ती तो कडाकडा फोडत राहिला. मुलीकडे त्याने वळूनसुद्धा पाहिलं नाही.

अकरा टाके पडले. दोन बोटं किती दिवसांनी हलतील हे इस्पितळात कोणी सांगेना. मुंगी शुद्धीवर आल्यावर पहिलं वाक्य बोलली ते असं: "आई, मी पाय आत टाकला नव्हता गं." सुनेने तोंड फिरवून पदर तोंडात कोंबला.

नगरपालिकेची गाडी रणगाड्याला घेऊन गेली. आणि त्या संध्याकाळपासून अण्णांची भाषा बदलली. गल्लीतली माणसं चौकशीला येत होती, आणि अण्णा प्रत्येकाला कपाळावर हात मारून सांगत होते, "जातच खुनशी हो! रक्तातच असतं त्यांच्या. कितीही जीव लावा, एक दिवस उलटणारच." माणसं माना डोलवत होती. बघा, आम्ही म्हणत नव्हतो! दुपारपर्यंत कुत्र्याचा दरारा म्हणजे अण्णांचं कर्तृत्व होतं. संध्याकाळी त्याच दातांचं सगळं खापर त्याच्या जातीवर फुटलं, आणि हजार वेळा "माझ्या हातचं काम" ऐकलेल्या एकाही माणसाने "अण्णा, मग तुमचा हात कुठे गेला?" असं विचारलं नाही.

पाचव्या दिवशी नगरपालिकेच्या पशुवैद्य बाई जबाब घ्यायला आल्या. घरातल्या मोठ्या खोलीत सगळे बसले: अण्णा, त्यांच्यामागे भिंतीशी सासूबाई, दाराजवळ सुनेचा नवरा. तो गोदामाचा ट्रक चालवायचा, ट्रक कुठल्याही बोळातून काढायचा, पण बापासमोर त्याचं तोंड उघडत नसे. खाली जमिनीवर मुंगी बसली होती. तिच्या मांडीवर एक दोन महिन्यांचं पिल्लू झोपलं होतं. अण्णांनी ते त्याच सकाळी खोक्यातून आणलं होतं.

पशुवैद्य बाईंनी कागद काढला. कुत्र्याचं नाव लिहिलं, वय लिहिलं, जात लिहिली. मग विचारलं, "हल्ल्याचं कारण?"

"कारण काय विचारता?" अण्णा म्हणाले. "वरच्या ओळीत लिहिलंत की, पिटबुल. तेच कारण."

"तसं लिहिलं तर कुत्र्याला इंजेक्शन देऊन संपवतील. प्रकरण तिथेच मिटेल. मुलीच्या आईची सही लागेल."

नवऱ्याने पेन सुनेपुढे धरलं. "कर गं सही. संपव एकदाचं. पोरगी वाचली ना आपली?"

सुनेने पेन घेतलं नाही. तिने कागद घेतला आणि सावकाश वाचला.

"बाई, यात जे लिहायचं ठरतंय ते घडलेलंच नाही," ती म्हणाली.

"सूनबाई!" अण्णांचा आवाज चढला. "तुझ्या पोटच्या पोरीला फाडलं त्यानं, आणि तू त्याची बाजू घेतेस?"

"मी मुलीची बाजू घेतेय, अण्णा. मला एक सांगा. जात खुनशी, रक्तच वाईट. बरोबर?"

"अलबत!"

"आणि हे मांडीवरचं कुठल्या जातीचं?"

"पिटबुलच. अस्सल आहे. गोदाम ओस कसं ठेवणार?"

"मग असलं खुनशी रक्त तुम्ही सकाळी नातीच्या मांडीवर कसं ठेवलंत? तिच्या जखमी हाताशी?"

अण्णा मोठ्याने हसले. "अगं वेडे, याला काय भ्यायचं? याची तालीम कुठे सुरू झालीय अजून!"

पिल्लाने झोपेत कूस बदलली. पशुवैद्य बाईंनी पेनचं टोपण काढलं.

"कसली तालीम, आजोबा?"

उत्तर सुनेने दिलं. तिने सगळं सांगितलं: पत्रा, काठी, चार हात साखळी, एक वेळचं पाणी, व्यापाऱ्यासमोरचा दुपारचा खेळ, आणि मुलीच्या मुठीतून काठी पडताच सुटलेला जबडा. "आणि नऊ वर्षं मी हे बघत होते, हेही लिहा," ती म्हणाली. "माझं नाव गाळू नका."

"खोटं आहे!" अण्णा ओरडले. "घरातली बाई घराविरुद्ध बोलते! लाज वाटत नाही?"

तेव्हा सासूबाई उठल्या. आतल्या खोलीत गेल्या आणि जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या. चादर उलगडून त्यांनी चावून चोथा झालेली काठी कागदाशेजारी ठेवली.

"तोफ्याच्या वेळीही हीच होती," त्या म्हणाल्या. "सुरुंगाच्या वेळीही. ते तर पिटबुल नव्हते. मग त्यांच्या रक्तात काय होतं हो?"

"तू गप्प बस."

"चाळीस वर्षं बसले. नातीचा हात गेला असता त्यात."

पशुवैद्य बाई बराच वेळ लिहीत होत्या. मग पेन ठेवून म्हणाल्या, "हे बघा, मी कुणाला खोटी आशा दाखवत नाही. या कुत्र्याच्या जबड्यात जोर असतो. तो धरतो तेव्हा जखम खोल होते, हे सगळं खरं आहे. म्हणूनच अशा जनावराला डिवचणं जास्त मोठा गुन्हा. भरल्या बंदुकीशी खेळायचं आणि गोळी सुटली की बंदुकीला फासावर द्यायचं, हे मी माझ्या सहीने होऊ देणार नाही. आजोबा, या जागेत यापुढे कुत्रा ठेवता येणार नाही. हे पिल्लू मी घेऊन जातेय."

"आणि गाडू?" मुंगीने विचारलं.

"दहा दिवस नजरेखाली ठेवायचं. मग बघू. हमी देत नाही, बाळ."

सुनेने पेन उचललं आणि पूर्ण नावाने सही केली. दुसऱ्या साक्षीदाराच्या जागी कोण, असा प्रश्न आला. सासूबाई पुढे झाल्या, पण त्यांच्या आधी दाराजवळचा नवरा आला. बापाकडे न बघता त्याने सही केली.

"या घरात यापुढे माझा शब्द चालणार की नाही?" अण्णांनी विचारलं.

"चालेल की," सून म्हणाली. "काठी नाही चालणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला फाटक उघडलं. नवऱ्याने मागच्या कुंपणाचा पत्रा उपसून काढला, खुंटा खणून काढला, साखळी गोळा केली, आणि सगळं भंगाराच्या ढिगात टाकलं. अण्णा कचेरीच्या दारात उभे राहून बघत होते. फाटकाशी आलेल्या एकाने विचारलं, "काय अण्णा, आज तालीम नाही?" उत्तर सुनेनेच वजनकाट्यावरून दिलं. "होती म्हणून माझ्या मुलीचा हात फाटला. या, बघून जा, घरातच आहे ती." तो माणूस खजील होऊन माल मोजायला लागला.

दहा दिवस संपले तेव्हा सून मुंगीला घेऊन नगरपालिकेच्या कुत्राघरात गेली. जाळीच्या पलीकडे रणगाडा कोपऱ्यात अंग चोरून बसला होता. एक कामगार झाडू घेऊन पुढून गेला, तर तो भिंतीला चिकटला आणि गुरगुरला. पशुवैद्य बाई म्हणाल्या, "वेळ लागेल. कदाचित कधीच पुरता निवळणार नाही. पण संपवायचं कारण मला दिसत नाही. मात्र त्याच्याकडे रोज येणारं कोणीतरी हवं."

"मी येईन," सून म्हणाली. "नऊ वर्षं रोज सकाळी तिथे बसत होते, इथेही बसेन."

मुंगी जाळीपासून दोन हात दूर उभी राहिली. तिने डावा हात वर केला, पंजा उघडला. मग बँडेज बांधलेला उजवाही जमेल तेवढा उचलला.

"गाडू, बघ," ती म्हणाली. "काही नाही हातात."

कुत्र्याने आधी डावा हात पाहिला, मग उजवा. बराच वेळ पाहिलं. मग तो उठला, अर्ध्या वाटेपर्यंत आला आणि तिच्याकडे तोंड करून बसला. त्याहून पुढे आला नाही.

त्याला आणखी पुढे यायला महिना लागेल, वर्ष लागेल, किंवा तो येणारही नाही. त्याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कुणालाही नाही. उद्या कोणी तुम्हाला सांगेल की अमुक एका जातीचं रक्तच वाईट असतं, तेव्हा माना डोलवण्याआधी सांगणाऱ्याच्या हातांकडे बघा. सात वर्षांच्या मुलीने आपले दोन्ही हात उघडून दाखवले. मोठ्या माणसांना ते जड जाऊ नये.