आपणहून

शिंपीणबाईंनी पिंजरा सरकारी ऑफिसातल्या टेबलावर ठेवला आणि वरचं कापड बाजूला केलं. आत मुठीएवढं माकड अंग चोरून बसलं होतं. जहाजावर नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं ते कुठल्याशा बंदरातून खिशात घालून आणलं होतं. मुलगा पुढे तापात गेला, माकड राहिलं. मग नवा कायदा आला. असे परदेशी प्राणी परवान्याशिवाय घरात ठेवायचे नाहीत. आपणहून आणून दिले तर दंड नाही. शेजारीण म्हणाली होती, "गप्प बसा. कोण बघायला येतंय?" पण बाईंनी उभ्या जन्मात गिऱ्हाइकाची चिंधीसुद्धा ठेवून घेतली नव्हती.

"प्राणिसंग्रहालयात पाठवाल ना?" त्यांनी विचारलं. "त्याला गार सोसत नाही. अंगरखा शिवलाय, तेवढा बरोबर द्या."

तरुण अधिकाऱ्यानं पेन खाली ठेवलं.

"मावशी, हे कुठून आणलं त्याचा कागद आहे?"

"खिशातून आणलेल्याला कसला कागद?"

"त्याशिवाय ते कुठेच हलवता येत नाही. आणि इथे ठेवायला जागा नाही."

"मग घरी नेते परत."

"आता नोंद झाली. नेलंत तर गुन्हा होईल."

"हलवायचं नाही, ठेवायचं नाही. मग करायचं काय?"

"डॉक्टर इंजेक्शन देतात," तो खिडकीकडे बघत पुटपुटला. "त्रास होत नाही."

"अहो, मी आपणहून आले!"

"हो. म्हणून तर दंड नाही."

शिपाई पिंजरा न्यायला आला, तेव्हा बाईंची बोटं गजांवरून एकेक करून सोडवावी लागली. आतल्या दाराआड माकडाची किंकाळी ऐकू आली. मग दार लागलं.

बाहेर पायऱ्यांवर एक म्हातारा धापा टाकत चढत होता. छातीशी भोकं पाडलेला खोका, आत खुडबुड.

"ताई, परदेशी प्राणी जमा करायचे ते इथेच ना? घरचे म्हणतात लपवा. मी म्हटलं, आपण सरळ माणसं, सरळच वागावं."



"ऑफिस बंद आहे," त्या म्हणाल्या.

"मग उद्या येतो."

"उद्याही बंदच. कायमचंच."

म्हाताऱ्यानं मान उंचावून पाहिलं. बाईंच्या मागे ऑफिसचं दार सताड उघडं होतं. बाई एक पाऊल सरकल्या आणि पदर पसरून दार अडवून उभ्या राहिल्या.